पाठीमागचं वल्हं

“निळी बोट, मागं हो. तुझी पाळी नाही.”

बाबांचा आवाज कर्ण्यातून बाहेर पडला की बाबांचा राहायचा नाही, कालव्याचा व्हायचा. उन्हाळ्यात पूल उघडायची वाट बघत पुलापाशी बोटींची रांग लागायची, शिडाच्या, मोटरच्या, पोरांनी आणि कुत्र्यांनी भरलेल्या, आणि त्यातली एखादी कडेकडेनं हळूच पुढं सरकायची. जणू वाऱ्यानंच ढकललं, तिचा बिचारीचा काही दोष नाही. पूल उघडायचं काम बाबांचं, पण ते पुलावरच्या टपरीतल्या खुर्चीवरून उठायचेही नाहीत. एका हातात कॉफी, एका हातात कर्णा. रागवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, नुसतं सांगायचे. आणि निळी असो, पिवळी असो, ती बोट मान खाली घालून मागं जायची. तिच्यावरची माणसं पुलाकडं न बघता उगीच दोऱ्या नीट करत बसायची. शेजारी स्टुलावर बसलेल्या लहानग्या रूलीनला त्या माणसांची इतकी लाज वाटायची की ती खिडकीखाली वाकून लपायची. आपणच कधी अशा बोटीत असलो तर, असं तिच्या मनात यायचं.

कितीतरी वर्षांनी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, ग्रोनिंगन शहरातल्या विद्यार्थ्यांच्या बोटघरात, ती लाज तशीच्या तशी परत आली. ती पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली होती, एवढंच. बोटघरात ओल्या मोज्यांचा आणि लाकडाच्या रोगणाचा वास कोंडला होता, दारातून उतरतं ऊन आत आलं होतं, आणि उभ्या वल्ह्यांच्या मांडणीपलीकडं हिस्के आणि मारेल बोटीला फडकं मारत बोलत होत्या. हिस्के म्हणत होती, “त्या दिवशी आपण हात आखडता घेतला, हे रूलीनला कधी कळता कामा नये.” मारेल म्हणाली, “मी कशाला सांगतेय? बोटीतलं बोटीत.” मग फडकं पिळल्याचा आवाज आला. पाणी बादलीत पडलं. रूलीन बाटली न घेता पावलं न वाजवता बाहेर आली, सायकलवर बसली आणि निघाली. ग्रोट मार्क्ट चौकाच्या अलीकडं लाल दिवा होता, तो हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. ती एक पाय टेकवून तशीच उभी. मागच्या म्हाताऱ्यानं घंटी वाजवली. “काय पोरी, मुक्काम इथंच का?” ती माफी मागत पुढं गेली, आणि माफी मागताना तिला वाटलं, ही माफी म्हाताऱ्याची नाही, दुसऱ्याच कुणाची तरी मागायची आहे.

त्या दिवशी म्हणजे कुठल्या दिवशी, हे तिला विचारावं लागलं नाही. एप्रिलमधला जागेच्या शर्यतीचा दिवस. पहिल्या वर्षाच्या मुलींच्या चौघींच्या बोटीत तीन जागा पक्क्या होत्या. टोकाला इल्से, तिच्यापुढं हिस्के, आणि सगळ्यांना लय देणारी, सुकाणूसमोरची मारेल. हिस्के आणि मारेलच्या मधली जागा एकच, आणि तिच्यावर नजर दोघींची, रूलीनची आणि एल्स्केची. शिकवणाऱ्या बाउकेनं नेहमीचा उपाय काढला. दोन चौकड्या शेजारीशेजारी, एकच अंतर, दोन वेळा. पहिल्या फेरीत एल्स्के या तिघींच्या बोटीत आणि रूलीन दुसरीत; मग भर कालव्यात दोन्ही बोटी एकमेकींना धरून थांबवायच्या, दोघींनी तोल सांभाळत जागा बदलायच्या, आणि पुन्हा निघायचं. बाकी सगळ्याजणी त्याच, म्हणून जो फरक पडेल तो त्या दोघींचा. हे सगळं चालतं एका विश्वासावर, की बाकीच्या दोन्ही वेळा सारख्याच जीव तोडून ओढतील. पहिल्या फेरीत एल्स्केची बोट अर्ध्या बोटीनं पुढं आली. दुसऱ्या फेरीत रूलीन तिच्या जागी बसली तेव्हा ती बोट आख्ख्या बोटीनं पुढं. बाउके काठावरून सायकल थांबवून फक्त म्हणाला, “रूलीन.” झालं. एल्स्केनं पाण्यात हात बुडवून तोंड धुतलं आणि म्हणाली, “चला, आता मला रोज बिअर पिता येईल.” सगळ्या हसल्या. रूलीनला हसू आलं नाही. तिला तेव्हा फक्त दम लागला होता. त्या फेरीत बोट फार जड लागली होती, गाळानं भरलेल्या पडावासारखी. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते आणि त्या दिवसांत सगळंच जड लागायचं, जिना, दप्तर, चमचा; म्हणून तिनं त्याचा विचार केला नाही.

आता विचार केला. एल्स्के बसली होती तेव्हा या तिघींनी हात आखडता घेतला. म्हणूनच अर्धीच बोट पुढं. मग माझ्या वेळी पुरतं ओढलं. माझा बाप मेला म्हणून. मी रडत नव्हते म्हणून, की फार रडत होते म्हणून, कोण जाणे. त्यांनी मला जागा दिली, जशी फुलं दिली होती, जशी त्यांनी आळीपाळीनं माझी सायकल दुरुस्त करून आणली होती. आणि मी ती घेऊन बसले. कडेकडेनं, वाऱ्यानं ढकलल्यासारखी.

संध्याकाळी सगळ्या एकत्र जेवायच्या, हा त्यांचा नेम. आळीपाळीनं एकेकीच्या खोलीवर, मोठ्या पातेल्यात शेवया नाहीतर बटाटे कुस्करून त्यात पालेभाजी, आणि लवकर झोप. बिअर नाही, जागरण नाही, आणि पाण्यावर जे घडेल ते काठावर उगाळायचं नाही. हा शेवटचा नेम सगळ्यात जुना. कुणी केला माहीत नाही, पण त्यांच्या आधीच्या मुलींनी त्यांना सांगितला आणि त्यांच्या आधीच्यांनी त्यांना. बोटीतलं बोटीत. एरवी रूलीनला तो आवडायचा. भांडण पाण्यात सोडून यायचं, ओले मोजे वाळत घालायचे. आता पातेल्याभोवती बसलं की तिला वाटायचं, सगळ्यांच्या तोंडात एकच घास आहे आणि तो कुणीच गिळत नाही.

“अगं, जेव की,” इल्से म्हणायची. “तुझा बटाटा तुझ्याकडं बघून बघून थकला.”

“तिला वाटतं हलकी झाली की बोट उडेल,” सुकाणू धरणारा योप म्हणायचा. तो सगळ्यांत लहान चणीचा आणि दुप्पट खाणारा. “बये, हलकं व्हायचं काम माझं. तू खा.”

हिस्के पातेल्यातलं खरवडून रूलीनच्या ताटात घालायची. पहिल्या आठवड्यापासूनची मैत्रीण. एकाच जिन्यावर दोघींच्या खोल्या, एकच साबण, एकच केस वाळवायचं यंत्र. तिच्या हातातल्या त्या डावाकडं रूलीन बघायची आणि मनात म्हणायची, हेही वाढतेस? अजून किती वाढशील?

बोटीत पुढं बघता येत नाही. पाठ शर्यतीच्या शेवटाकडं, तोंड मागं सुटलेल्या पाण्याकडं; जिथं जायचं ते फक्त योपला दिसतं. रूलीनच्या डोळ्यांसमोर मारेलची पाठ, मानेवरचा तीळ, घामानं काळी झालेली बनियन. आणि हिस्के तिच्या पाठीमागं. मागं वळून बघायचं नाही, बघितलं की बोट डुलते. पण वल्हं पाण्यातून निघालं की मागं एक भोवरा ठेवून जातं, बशीएवढा, आणि बोट पुढं सरकताना हिस्केचा भोवरा रूलीनच्या कोपराजवळून वाहत जातो. आजवर तिनं त्याच्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना. मोठा भोवरा, खोल, कडा पांढऱ्या. पुन्हा मोठा. हा जरा लहान? वारा आडवा होता म्हणून? की आजही? आज कुणासाठी? तिला वाटायचं भोवऱ्यात कुणीतरी डोळे मिटून घुसळतंय, दही घुसळावं तसं, आणि लोणी काही वर येत नाही. भोवऱ्याकडं बघता बघता तिचं स्वतःचं वल्हं उशिरा पाण्यात पडायचं, आणि योप ओरडायचा, “तीन नंबर! कुठं हरवलीस?”

मे महिन्याच्या शेवटी एका वाऱ्याच्या कालव्यावर त्या जिंकल्या. रीतीप्रमाणं हरलेल्या मुलींनी आपले शर्ट काढून जिंकणाऱ्यांच्या हातात दिले, ओले, गरम, दुसऱ्यांच्या घामाचे. समोरची उंच मुलगी रूलीनला शर्ट देताना म्हणाली, “सुंदर ओढलंस गं.” रूलीननं तो शर्ट घरी नेऊन तीनदा धुतला, तरी घालवेना, टाकवेना. कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवला. रात्री कपाटाचं दार नीट लागलंय का बघायला ती उठली, आणि उठल्याची स्वतःलाच भीती वाटली.

आणि एल्स्के. एल्स्के राखीव होती, म्हणजे हक्काची हमाल. ती काठावरून बाउकेमागं सायकल दामटायची, बोट धरायची, त्या पाण्यावरून परत येईपर्यंत सगळ्यांच्या चपला ओळीनं मांडून ठेवायची. “या राणीसाहेब, पायतण हजर.” एकदा जूनमध्ये गारांचा पाऊस आला तेव्हा तिनं स्वतःचं जाकीट काढून रूलीनच्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः बोटीच्या गाडीखाली शिरून कुडकुडत बसली. रूलीनला ते जाकीट अंगावर निखाऱ्यासारखं लागलं. ही चिडली असती तर बरं झालं असतं. ही टोमणे मारती, पाठीमागं बोलती, तर मला निदान तिचा राग तरी करता आला असता. एकदा तिनं धीर करून विचारलंच, “तुला वाईट नाही वाटत?”

“कशाचं?”

“जागेचं.”

एल्स्केनं चपलेतला खडा झटकला. “वाटतं ना. रोज सकाळी वाटतं, दात घासेपर्यंत. पण तू मला खरोखरच मागं टाकलंस, मग रडायचं कशाला? कुणी ढापली असती तर डोळे फोडले असते.” आणि ती मोठ्यानं हसली, दातांच्या फटीतून.

त्या रात्री रूलीननं आईला फोन लावला. आई पुलाजवळच्या घरातच राहत होती. पूल आता लांबच्या एका कचेरीतून उघडतो, खांबावरच्या कॅमेऱ्यातून कुणीतरी बघतं आणि कळ दाबतं. टपरीला कुलूप आहे. “आज दोन बोटी एकदम घुसल्या,” आई म्हणाली. “घासल्या एकमेकींना. कुणी काही बोललंच नाही गं. नुसती घंटा वाजली.” रूलीनला सांगायचं होतं, आई, मीही घुसलेय. पण तोंडून निघालं, “तू जेवलीस का?” पलीकडं पाणी वाजत होतं की तारेतली खरखर, कळलं नाही.

मग ती जास्त ओढू लागली. जागा दिलेली असेल तर ती कमावून फेडू, असं काहीतरी. पहाटे एकटी वल्हवण्याच्या यंत्रावर बसायची, तळहातांची सालं निघायची, चिकटपट्टी लावून पुन्हा. पण बोट एकटीच्या ओढण्यानं जात नाही. चौघींचा श्वास एका दोरीत ओवावा लागतो, आणि तिची घाई ती दोरी तोडायची. जूनच्या अखेरच्या शर्यतीत त्या तिसऱ्या आल्या. काठाला लागल्यावर बाउके तिच्याजवळ उकिडवा बसला. तो काही फार मोठा नव्हता, दोनचार वर्षांनी पुढचा विद्यार्थी, पण उन्हानं रापलेला आणि आवाज बसलेला.

“रूलीन, तू कुणाशी शर्यत लावतेयस?”

“कुणाशी म्हणजे?”

“बाजूच्या बोटीशी नाही, ते दिसतंय. आपल्याच बोटीतल्या कुणाशी तरी.”

ती वल्ह्याची कडी घट्ट करत राहिली. कडी आधीच घट्ट होती. तो उठून गेला. आणि त्या क्षणी तिच्या मनात एक गोष्ट सरळ उभी राहिली, कवाड उघडावं तशी. मागं व्हायचं. आपणहून. कुणी कर्णा उचलायच्या आत.

हंगामाची शेवटची शर्यत जुलैत आम्स्टरडॅमच्या बोसबानवर. झाडांच्या मधोमध सरळ कापलेलं पाणी, आणि काठावर वर्षभराच्या सगळ्या चौकड्या, गवतावर आडव्या पडलेल्या, केळी खाणाऱ्या, उलट्या काढणाऱ्या, गाणाऱ्या. सकाळी वारा नव्हता. पाण्यावर ढग असे पडले होते की वल्हं टाकायची भीती वाटावी. रूलीननं पावावर चॉकलेटचा चुरा घातला आणि तो पाव तसाच पिशवीत ठेवला. बोट लाकडी घोड्यांवर ठेवून बाकीच्या तिला पुसत होत्या. ती बाउकेकडं गेली आणि म्हणाली, “माझी कंबर धरलीय. मला बसता येणार नाही. एल्स्के बसेल.”

बाउकेनं तिच्याकडं बघितलं. “कधीपासून?”

“रात्रीपासून.”

“वाक बघू.”

ती वाकली, आणि वाकताना तोंड वाकडं करायला विसरली. तरी तो मान हलवून म्हणाला, “डॉक्टरांच्या तंबूत जाऊन ये. ते म्हणाले तर बदलतो.” शेजारी एल्स्के चपला मांडत होती. तिचे हात थांबले. तिनं वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता आणि त्यावर पहिल्यांदाच एक भूक उघडी पडली होती, इतके महिने हसून झाकलेली. “खरंच?” ती हळू म्हणाली. आणि मग लगेच, स्वतःला सावरत, “फार दुखतंय का गं?” तिची बोटं मात्र जाकिटाच्या चेनकडं गेली होती. रूलीनला ती बोटं दिसली, आणि कितीतरी दिवसांनी छातीत हवा शिरली. बघ, देता येतं. असं देता येतं.

ती तंबूकडं वळली. बोटींच्या लांब गाड्या एकीशेजारी एक उभ्या होत्या, त्यांच्या मधून वाट होती, सावलीची, डांबराच्या वासाची. मागून धावत पावलं आली. हिस्केनं तिचा दंड धरला. हातातलं ओलं फडकं तसंच होतं, त्याचं पाणी रूलीनच्या पायावर गळलं.

“कंबर धरलीय?”

“हो.”

“माझ्याकडं बघून सांग.”

रूलीननं बघितलं. बोटीत हे तोंड कधी दिसायचं नाही, फक्त त्याचा श्वास मानेवर यायचा. नाकावर उन्हानं सोललेली कातडी, खालचा ओठ चावून चावून फाटलेला.

“नाही धरली,” ती म्हणाली.

“मग काय चाललंय? वर्षभर मरमर करून आज, आज तुला—”

“जागा तिची आहे. मी ऐकलंय, हिस्के. मे महिन्यात, बोटघरात. तू आणि मारेल. तुम्ही त्या दिवशी हात आखडता घेतलात. माझ्यासाठी केलंत, मला माहीत आहे. चांगल्या मनानं केलंत. पण मला नको ते. मला झोप लागत नाही गं. तुझा भोवरा मोजत बसते मी. तिला बसू दे, आणि मला जाऊ दे.”

हिस्केच्या हातातून फडकं पडलं. पलीकडं कुठल्यातरी शर्यतीचा शेवट आला असावा, काठावरून आरडाओरडा उठला, वाढला, विरला. तिनं एकदा मागं बघितलं, बोटीकडं, जिथं मारेल आणि इल्से पाठमोऱ्या उभ्या होत्या. बोटीतलं बोटीत, हे तिच्या ओठावर आलेलं रूलीनला जवळजवळ दिसलं. ते तिनं गिळलं.

“तुला वाटलं, एल्स्के होती तेव्हा आखडला?” ती म्हणाली. आवाज फुटका, हलका, ओळखू न येणारा. “एल्स्के होती तेव्हा आम्ही जीव काढून ओढलं. आम्हाला ती हवी होती, रूलीन. तू जेवायची नाहीस, बोलायची नाहीस, रात्रभर तुझ्या खोलीतला दिवा. आम्हाला तुझं दुःख बोटीत नको होतं. मी म्हणाले तसं. मारेल नाही, मीच म्हणाले. म्हणून तू बसलीस तेव्हा आम्ही तिघींनी हात आखडला. अर्ध्याच जोरानं वल्ही मारत होतो आम्ही, पाणी पुरतं धरतच नव्हतो. तू एकटीच जीव तोडून ओढत होतीस. आणि बोट तरीही पुढं गेली.”